स्पॅनिशमध्ये घरकाम सांगताना 'उस्तेद'ची आज्ञार्थी रूपं

'लिंपिया ला कोसीना' हे 'स्वयंपाकघर साफ करा' म्हणून लिहिलं तर ते चूक का, असं तुम्ही विचारलंय. 'लिंपिया' म्हणजे 'साफ कर'. 'उस्तेद'साठी, म्हणजे आदराच्या एकवचनी 'तुम्ही'साठी, 'लिंपिए'. आपल्याकडे झाडा, पुसा, धुवा असा 'आ' आला की आदर येतो, म्हणून मराठी कानाला 'लिंपिया'च आदराचं वाटतं. पण 'बार्रेर' (झाडणे) घेतलं की उलट होतं: 'बार्रे' म्हणजे झाड आणि 'बार्रा' म्हणजे झाडा. शेवटच्या स्वरावरून अंदाज बांधायची सवय सोडा.

'उस्तेद'चं रूप बनवायला आधी वर्तमानकाळातलं 'यो'चं, म्हणजे 'मी'चं रूप काढा. शेवटचा 'ओ' उडवा. मूळ क्रियापद 'आर'वालं (शेवटी 'आर' असलेलं) असेल तर 'ए' लावा, 'एर' किंवा 'इर'वालं असेल तर 'आ'. मूळ क्रियापदाऐवजी 'यो'पासून सुरुवात करायची, कारण धातूतले बदल तिथे आधीच झालेले असतात. पोनेर–पोंगो–पोंगा ला मेसा (टेबल मांडा), आसेर–आगो–आगा ला कामा (अंथरूण आवरा), तेंदेर–तिएंदो–तिएंदा ला रोपा (कपडे वाळत घाला). या नियमात न बसणाऱ्यांपैकी घरात लागतं ते 'वाया' (जा), बाकीची क्वचित.

मार्क जातात ते स्पेलिंगमध्ये. 'साकार'चं 'साके ला बासुरा' (कचरा बाहेर टाका) लिहिताना 'सी' जाऊन 'क्यू-यू' येतं. 'सी' तसाच ठेवला तर 'ए'पुढे त्याचा उच्चार 'से' होतो. 'कोल्गार'चं 'कुएल्गे' (टांगा) लिहिताना 'जी'नंतर 'यू' घाला, नाहीतर वाचणारा 'कुएल्हे' वाचेल. 'प्लांचार'चं 'प्लांचे' (इस्त्री करा) मात्र सरळ आहे.

सर्वनाम होकारात मागे चिकटतं, नकारात पुढे सुटं येतं: 'लाबेलोस' (ते धुवा), 'नो लोस लाबे' (ते धुऊ नका). चिकटल्यावर आघात 'ला'वरच राहतो, म्हणून त्या 'ला'मधल्या a या अक्षरावर तिरकी रेघ (á) द्यायलाच हवी. अनेकांना सांगताना 'न' सर्वनामाच्या आधी येतो: 'लाबेनलोस'. तो शेवटी लावणं ही नेहमीची चूक. एक सोय आहे: नकारातही 'उस्तेद'चं रूप तेच राहतं, 'तू'चं बदलतं. म्हणजे 'लिंपिया', पण 'नो लिंपिएस'. म्हणून सूचना लिहायच्या तर 'उस्तेद' सोपं: 'नो मेस्क्ले लेहिआ कोन आमोनिआको', ब्लीच आणि अमोनिया एकत्र करू नका. (त्यातून विषारी वायू निघतो, ही चिठ्ठी मोरीत खरोखर लावण्यासारखी आहे.)

रूप आदराचं असलं तरी ते हुकूमच राहतं. 'पोर फाबोर' (कृपया) जोडा, किंवा 'पोद्रिआ बार्रेर?' (झाडू शकाल का?) असं विचारा.

शब्द देशाप्रमाणे बदलतात. स्पेनमध्ये फरशी पुसायला 'फ्रिएगे एल सुएलो', मेक्सिकोत 'त्रापेए एल पिसो'. लॅटिन अमेरिकेत 'फ्रेगार'चा ('फ्रिएगे'चं मूळ क्रियापद) अर्थ बऱ्याच ठिकाणी 'डोकं खाणं' असाही होतो, तिथे भांड्यांसाठी 'लाबे लोस प्लातोस'च म्हणा.