‘कुलमुखत्यार’ मधला कुल म्हणजे कूळ नव्हे!

प्रश्न : वडिलांनी काकांना कुलमुखत्यारपत्र करून दिलं होतं. वडील आता नाहीत. काका म्हणतात, कुल म्हणजेच कूळ, त्यामुळे जमिनीवर माझा कुळाचा हक्क लागतो. खरंच असं असतं का?

उत्तर : नाही हो, अजिबात नाही! हा घोळ बऱ्याच घरांत होतो म्हणून जरा सविस्तर सांगते. यातला ‘कुल’ अरबी आहे, अर्थ सगळा, एकूण. मुखत्यार पण अरबीच, म्हणजे निवडलेला, अधिकार दिलेला माणूस, आणि शेवटी आपलं संस्कृत ‘पत्र’ जोडलंय. थोडक्यात सगळ्या कामांसाठी नेमलेला माणूस, मालक नाही.

कूळ वेगळं. दुसऱ्याची जमीन खंडाने कसतो तो कूळ, आणि त्याला संरक्षण 1948च्या मुंबई कुळकायद्याने दिलं. 1 एप्रिल 1957 म्हणजे कृषक दिनाला अशी बरीच कुळं जमिनीची मालक मानली गेली, म्हणून तर या शब्दाला गावात एवढं वजन आहे आणि कुणी नुसतं ‘कूळ’ म्हटलं तरी समोरचा घाबरतो. तुम्ही घाबरू नका, आधी सातबारा काढा. त्यावर ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ असा रकाना असतो, तिथे काकांचं नाव आहे का बघा, आणि असेल तर कुठल्या फेरफाराने लागलं ते तलाठ्याकडून काढून घ्या.

अजून एक, मुखत्यारपत्र देणारा वारला की 1872च्या करार कायद्याप्रमाणे मुखत्यारी सहसा तिथेच संपते. शिवाय नुसत्या मुखत्यारपत्रावर जमिनीची मालकी जात नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये स्पष्टच सांगितलंय. वारस नोंदीचा अर्ज लगेच द्या, आणि वडील गेल्यानंतर काकांनी त्या कागदावर एखादा दस्त केला असेल तर वकिलाला दाखवायला उशीर करू नका.

प्रश्न : पंचनाम्याला पाच माणसं लागतात का?

उत्तर : नाही. ‘पंच’ हा शब्द पाच जणांच्या जुन्या पंचायतीवरून आला, ‘नामा’ फारसी, म्हणजे लिहिलेला कागद. पोलिसांच्या झडतीला आजच्या कायद्यात दोन किंवा जास्त स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी पंच लागतात. तुम्हाला पंच म्हणून बोलावलं तर मात्र पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका, कारण पुढे कोर्टात साक्षीला तुम्हालाच बोलावू शकतात.