दावाओत शुक्रवारची मुगाची आमटी शाकाहारी माणसाला चालते का?

प्रश्न असा होता: मुलगा मेडिकलसाठी फिलिपीन्समध्ये दावाओला चाललाय, घर पूर्ण शाकाहारी, मेस सोडून बाहेर खायची सोय होईल का, खर्च किती येईल, आणि ‘तिथे दर शुक्रवारी सगळीकडे मुगाची आमटी मिळते’ हे खरं का.

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण त्या आमटीपायी मी दहा वर्षं बोलणी खातोय. मिळते. खात्रीने मिळते. आणि चालत नाही.

मी 2014 ते 2019 दावाओत होतो. मूळचा हर्णैचा. संध्याकाळी समुद्रावर माशांचा लिलाव लागतो तेच हर्णै. आमच्या घरी पावसाळ्याची बेगमी म्हणजे डाळ-तांदळाबरोबर जवळा, सोडे आणि बोंबील. रूममेट मिळाला इचलकरंजीचा. त्याच्या घरी कांदा-लसूण चाले, अंडं ‘बाहेर असलं की’ चाले, बाकी सगळं उंबऱ्याबाहेर. पोरगा लाख माणूस, पण खाण्याच्या बाबतीत हट्टी. आम्ही दोघांनी जाताच एका भारतीय मेसला सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले होते. फ्लॉवर-बटाटा, पिवळं पाणी ज्याला वरण म्हणायचे ते, आणि रविवारी पनीरचे मोजून चार तुकडे. मेसवाले काका येता-जाता बजावायचे, ‘बाहेर खाऊ नका रे, इकडची माणसं काय काय शिजवतात तुम्हाला माहीत नाही.’ काकांना तरी कुठे माहीत होतं? ते स्वतः कधी बाहेर जेवलेच नव्हते.

दोन महिन्यांत माझा धीर सुटला. आमच्या बोर्डिंग हाऊसच्या मागच्या गल्लीत एक कारिंदेरिया होती. कारिंदेरिया म्हणजे आपली खानावळ, फक्त मेनूकार्ड नाही. काचेच्या पेटीत आठ-दहा ॲल्युमिनियमची पातेली ओळीने मांडलेली. आपण एकेक झाकण उचलायचं, आत डोकवायचं, हवं त्याकडे बोट दाखवायचं. ताटलीवर प्लॅस्टिकची पिशवी चढवलेली असायची, त्यामुळे ताटली धुवायची कटकट नाही. चमचे-काटे गरम पाण्याच्या भांड्यात उभे. भात वाडगा उलटा करून डोंगरासारखा वाढतात. आणि शेजारी एका मोठ्या टोपात फुकटचं सूप. ‘साबाव’ म्हणतात त्याला, पाहिजे तेवढं घ्या. इचलकरंजीकर माझ्याबरोबर यायला लागला तो या सुपामुळे. भात, वांग्याचं ऑम्लेट आणि दोन वाडगे सूप असं त्याचं जेवण. ‘काय हलकं आहे रे पोटाला,’ म्हणायचा.

आणि मग एका शुक्रवारी एका पातेल्याचं झाकण उचललं, तर आत मुगाची आमटी.

लसणाची फोडणी, कांदा, टोमॅटो, गळून गेलेले मूग आणि वर चक्क शेवग्याचा पाला. ‘मुंगो’ म्हणतात, नाव ऐकूनच आपलं वाटतं. आम्ही दोघं त्या पातेल्याकडे असे बघत उभे राहिलो की मागची रांग थांबली. खानावळवाल्या बाईंना तिकडे ‘आते’ म्हणतात, आपण ताई म्हणतो तसं. मी माझ्या मोडक्या बिसायात, म्हणजे तिथल्या बोलीत, विचारलं, ‘आते, नाआ बाय कार्ने?’ यात मांस आहे का? त्या म्हणाल्या, ‘वाला, दोंग.’ नाही रे बाळा.

आता इथे खरं सांगतो. मला वास आला होता.

हर्णैच्या माणसाच्या नाकाला जवळ्याचा वास कळला नाही असं होतच नाही. झाकण उघडल्याबरोबर कळलं. पण इचलकरंजीकराने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, ‘आईच्या हातची आहे रे.’ त्या सुपाशिवाय तिथल्या कुठल्याच जेवणाबद्दल मी त्याच्या तोंडून एक चांगला शब्द ऐकला नव्हता. मी म्हटलं, खाऊ दे बिचाऱ्याला. बाई नाही म्हणाली ना? मग नाही.

अर्धी ताटली संपल्यावर त्याने चमचा डोळ्यांसमोर धरला. मुगाच्या दोन दाण्यांमध्ये नखाएवढं, पांढुरकं, वळलेलं काहीतरी, आणि त्याला दोन काळे ठिपके. त्याने मला विचारलं, ‘हे काय बघतंय माझ्याकडे?’

तो चमचा घेऊन आम्ही आतेंकडे गेलो. त्या पार गोंधळल्या. ‘दिली मान ना कार्ने, दोंग. उयाप रा ना.’ हे मांस नाही बाळा, हा तर नुसता उयाप. उयाप म्हणजे आपला जवळाच.

इथून पुढे जे भांडण सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही. त्याचं म्हणणं, बाई खोटं बोलली. माझं म्हणणं, बाई शंभर टक्के खरं बोलली, प्रश्न आपण चुकीचा विचारला. मुळात शुक्रवारी मुंगो का असते? देश कॅथलिक. शुक्रवारी मांस वर्ज्य करायची जुनी चाल, विशेषतः ईस्टरच्या आधीच्या उपवासांत, आणि ती पुढे वर्षभराची सवय होऊन बसली. मांस नाही म्हणून मूग. पण मासा हा मांसात धरतच नाहीत. म्हणजे शुक्रवारच्या मुगात मासा-कोळंबी पडायची शक्यता उलट जास्त. आतेंनी श्रद्धेने सांगितलं, मांस नाही. एखाद्या सारस्वताच्या घरात हा खुलासा करावाच लागला नसता. इचलकरंजीत मात्र त्याला खोटेपणा म्हणतात.

पण त्याचा खरा राग बाईवर नव्हताच, माझ्यावर होता. ‘तुला कळलं होतं.’ मी तेव्हा नाही म्हणालो. तो परत मेसला गेला आणि पाच वर्षं फ्लॉवर-बटाटा खाऊन, सहा किलो वजन घटवून डॉक्टर झाला. आजही आमच्या ग्रुपवर दर शुक्रवारी माझ्या नावे कोळंबीचं चित्र टाकतो.

मी मात्र त्या दिवसापासून सुटलो. सकाळी बांकेरोहान मार्केटला पुतो माया आणि सिक्वाते. पुतो माया म्हणजे चिकट तांदळाचा, नारळाच्या दुधात आलं घालून शिजवलेला भात, बरोबर पिकलेला आंबा. सिक्वाते म्हणजे कोकोच्या वड्या घोटून केलेलं दाट, कडसर पेय. पावसाळ्यात पहाटे पाचला, ओल्या बाकड्यावर बसून. संध्याकाळी रोहास ॲव्हेन्यूचा नाईट मार्केट. निखाऱ्यावर कोंबडीची आतडी, म्हणजे इसाव. रक्ताचे चौकोनी तुकडे, त्याला जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून ‘बेटामॅक्स’ म्हणतात. कोंबडीचे पाय ते ‘आदिदास’. आणि प्रोबेन, कोंबडीच्या पोटातला एक भाग पिठात बुडवून तळलेला, तो मिंदानाओत, म्हणजे दावाओ ज्या बेटावर आहे तिथे, जास्त चालतो. 2 सप्टेंबर 2016 ला याच मार्केटमध्ये स्फोट झाला, माणसं गेली. त्या रात्री आम्ही अभ्यासामुळे खोलीवर होतो, एवढंच नशीब. मार्केट नंतर पुन्हा सुरू झालं आणि मी पुन्हा गेलो. घरी मात्र सांगितलं नाही.

‘फिलिपिनो जेवणाला चव नसते’ हे आपली मुलं परत येऊन सांगतात, त्यावर माझं डोकं फिरतं. चव पातेल्यात शोधता कशाला? ती टेबलावर असते. सोया सॉस, व्हिनेगर, चिरलेली मिरची आणि कालामान्सी, म्हणजे सुपारीएवढं लिंबू. हे चार वाटीत आपल्या हाताने कालवायचे, त्याला ‘सावसावान’ म्हणतात. आंबट किती, तिखट किती, ज्याचं त्याने ठरवायचं. ही वाटी न करता भाजलेला मासा कोरडा खाऊन बेचव म्हणणं म्हणजे आमटीत मीठ न घालता सुगरणीला नावं ठेवणं. आणि मसालाच हवा असेल तर दावाओत मुस्लिम खानावळी आहेत, तिथे तौसुग लोकांची प्यांगगांग नावाची कोंबडी मिळाली तर खावी. खोबरं काळंकुट्ट होईपर्यंत भाजून, आलं-लसूण-हळदीबरोबर वाटून लावतात. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मी आईला व्हिडिओ कॉल करून ते काळं वाटण दाखवलं. आई म्हणाली, ‘जास्त भाजलंय.’ म्हणजे ओळखलं तिने.

ट्यूनाबद्दल लिहायला बसलो तर रात्र जाईल. जनरल सांतोस, ट्यूनाचं मोठं बंदर, दावाओपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे दावाओत ट्यूनाचा जबडा अख्खा भाजून मिळतो, त्याला ‘पांगा’ म्हणतात. कच्चा ट्यूना व्हिनेगरमध्ये मुरवला की ‘किनिलाव’, त्यात भाजलेलं डुकराचं मांस मिसळलं की ‘सिनुग्लाव’. पण तुम्ही शाकाहारी. राहू दे.

तर मुलासाठी. ‘मी व्हेजिटेरियन आहे’ हे वाक्य तिथे कुचकामी आहे, ते ऐकून प्रेमाने चिकन वाढतात. ‘मांस आहे का’ हेही विचारायचं नाही, का ते वर आलंच. विचारायचं, ‘उन्साय सागोल आनी?’ यात काय काय घातलंय? मग आते स्वतःच सगळं सांगतात: बुलाद म्हणजे सुका मासा, गिनामोस म्हणजे खारवून आंबवलेल्या माशांची चटणी, पातीस म्हणजे माशाचं खारं पाणी. भाजी दिसली म्हणून हुरळून जायचं नाही. पिनाकबेतमध्ये भेंडी, वांगं, भोपळा, कारलं सगळं आहे, आणि खाली कोळंबीची पेस्ट. उतान बिसाया ही पालेभाज्यांची साधी पातळ भाजी, पण तीत सुका मासा बहुतेक असतोच.

बिनधोक काय? सकाळी ‘ताहोओओ’ ओरडत जाणाऱ्याकडचं ताहो, म्हणजे कोमट, लुसलुशीत टोफू, वर तपकिरी साखरेचा पाक आणि साबुदाणा. पुतो माया. गिनांगगांग, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं केळं, वर मार्जरीन आणि साखर. साखरेत तळलेलं बनाना क्यू. पोमेलो, मांगोस्तीन आणि ड्युरियन ही फळं. ड्युरियनला फणस समजून जाऊ नका, वास वेगळ्याच गावचा आहे आणि हॉटेलात आत नेऊ देत नाहीत. पण आत मलई आहे. ऑगस्टनंतर स्वस्त होतो, मॅगसेसे पार्कजवळच्या गाड्यांवर तिथेच फोडून देतात, हात धुवायला पाणीही देतात. इचलकरंजीकरसुद्धा ड्युरियन खायचा, नाक धरून.

खर्चाचं विचारलंत. माझ्या वेळी कारिंदेरियात 60 पेसोत पोट भरायचं, पेसो तेव्हा सव्वा ते दीड रुपयाच्या दरम्यान. आता वाढलं असणार, हिशेब त्याप्रमाणे धरा. बिल मागताना दोन्ही तर्जन्यांनी हवेत चौकोन काढायचा, हाक मारायची गरज नाही.

मेस लावा, मी नको म्हणत नाही. रोज गोड केळ्यांवर कोणी डॉक्टर होत नाही, आणि कट्टर शाकाहारी पोराने निदान दुपारचं जेवण मेसमध्ये किंवा स्वतः कुकर लावून करावं हे मलाही कळतं. कुकर बरोबर दिला तर चार शिट्ट्यांत मूग होतात, शेवग्याचा पाला बाजारात ढिगाने मिळतो, त्याला तिकडे कामुंगगाय म्हणतात. फक्त सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरू नका आणि मेसवाल्याचं बाहेरच्या जेवणाबद्दलचं मत ऐकू नका. आणि पोराला हर्णै-मालवणचा कोणी रूममेट मिळाला तर त्याला आधीच सांगून ठेवा, की वास आला तर तोंड उघड.

एक राहिलंच. ते टोपातलं फुकटचं सूप, साबाव, ते पिऊ नको म्हणावं. ते कशाचं असतं हे मी आतेंना पुढच्याच आठवड्यात विचारलं होतं. इचलकरंजीकरा, तू हे वाचत असशील तर मला फोन करू नकोस.