सीएनजीवर मिसिंग, पेट्रोलवर ठणठणीत

प्रश्न : माझी पेट्रोल-सीएनजी गाडी ४५,००० किलोमीटर झाली. रोज मुलुंड ते अंधेरी जातो. सीएनजीवर पुलाचा चढ लागला की धक्के बसतात, पेट्रोलवर टाकली की सुरळीत. गॅरेजवाला किट बदला म्हणतो, शेजारी म्हणतात इरिडियम प्लग टाका. काय करू?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : किटला सध्या कोणाला हात लावू देऊ नका. आधी स्पार्क प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग, काढून बघा.

गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जोराची ठिणगी लागते. प्लगचं टोक झिजलं की गॅप, म्हणजे ठिणगीला ओलांडावी लागणारी फट, वाढतो आणि ठिणगीला लागणारं व्होल्टेजही वाढतं. पेट्रोलवर ते कसंबसं निभतं, गॅसवर चढाला उघडं पडतं. त्यात मुंबईचे ४५,००० किलोमीटर म्हणजे सिग्नलला उभ्या गाडीचे तास वेगळेच. मीटर ते मोजत नाही, प्लग मात्र जळतच असतो.

साधा निकेल प्लग असेल तर त्याचे दिवस भरलेत. इरिडियम धातूच्या टोकाचा प्लग साधारण लाखभर किलोमीटर चालतो, पण टाकल्याने गाडी पळायला लागते हा गैरसमज. घेताना मॅन्युअलमधला नंबर बघा, दुकानदाराच्या ‘यालाच लागतो’वर जाऊ नका. तो नंबर प्लगची उष्णता-श्रेणीही सांगतो, म्हणजे प्लग आपली उष्णता किती लवकर बाहेर टाकतो ते. लवकर टाकणारा तो ‘थंड’. एनजीके आणि डेन्सो या ब्रँडांत आकडा वाढला की प्लग ‘थंड’, बॉशमध्ये नेमकं उलटं. एका ब्रँडचा आकडा दुसऱ्यावर लावून फसलेले बरेच येतात. साध्या प्लगचा गॅप फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मॅन्युअलप्रमाणे लावून घ्या. इरिडियमचं टोक बारीक असतं, ते वाकवायच्या फंदात पडू नका.

आता बदलायचं कसं. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. लालबागला शिकाऊ असताना मी घाईत गरम इंजिनातून प्लग काढला आणि ॲल्युमिनियम हेडचे आटे प्लगसोबत बाहेर आले. उस्तादाने महिनाभर फक्त टायर काढायला लावले! प्लगवरची कॉइल (त्याला व्होल्टेज देणारी) काढलीत की प्लग बसतो त्या खड्ड्यातली धूळ हवेने उडवा, नाहीतर सिलिंडरमध्ये पडेल. नवा प्लग आधी हातानेच फिरवा. अडला तर जोर नको, पुन्हा सरळ धरा. बोटांनी बसला की वॉशरवाल्या प्लगला पान्याने साधारण अर्धा फेरा, तोही खोक्यावरच्या आकृतीशी ताडून.

खड्ड्यात तेल दिसलं तर प्लगचा दोष नाही. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, सील गेलंय, ते आधी. पाणी दिसलं तर परवाच इंजिन प्रेशरने धुतलं असणार! आणि नवे प्लग टाकूनही एकच सिलिंडर मिस होत असेल, म्हणजे त्यात इंधन नीट पेटत नसेल, तर त्याची कॉइल शेजारच्याला लावून बघा. मिसिंग कॉइलसोबत सरकलं तर कॉइल गेली. तोपर्यंत इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी ताणू नका. न जळलेलं इंधन धूर शुद्ध करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो फार महाग पडतो.

जुने प्लग, तीन असोत वा चार, सिलिंडरच्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडून ठेवा. सगळे फिकट तपकिरी असतील तर बिनघोर. एखादाच काळा-तेलकट किंवा पांढराफटक निघाला, तर फोटो काढून मला पाठवा, सिलिंडरचा क्रमांक लिहून.