गोळ्या लपवून घ्याव्या लागतात

प्रश्न: ताई, ५ महिने झाले डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, आता झोप लागते, कामात लक्ष लागतं. पण नवरा म्हणतो या वेड्यांच्या गोळ्या, सवय लागेल, बंद कर. तेव्हापासून लपवून घेते. करू का बंद?

उत्तर: नाही गं, अशा एकदम बंद नको करूस. बरं वाटायला लागलं म्हणजे आजार संपला असं नसतं, त्यानंतरही साधारण ६ महिने तरी डॉक्टर गोळ्या चालू ठेवायला सांगतात, नाहीतर आजार परत उलटू शकतो. आणि अचानक सोडल्या की चक्कर, मळमळ, चिडचिड होऊ शकते, त्यालाच लोक व्यसन समजतात, पण व्यसनात जशी तलफ येते तसं इथे नसतं. सोडायची वेळ आली की डॉक्टर हळूहळू कमी करून देतात.

मी स्वतः यातून गेलेय म्हणून सांगते, मला आजाराइतकाच त्रास लपवण्याचा झाला, गोळ्यांचं पाकीट पर्सच्या तळाशी, दवाखान्यात जाताना रोज नवीन खोटं. शेवटी फक्त बहिणीला सांगितलं, ती काही बोलली नाही, नुसती जवळ बसून राहिली, तेवढं पुरलं मला. तूही सगळ्यांना सांगायलाच हवं असं नाही. नवऱ्याला मात्र एकदा डॉक्टरांकडे सोबत ने, त्याच्या शंका त्यालाच विचारू दे. बीपी-शुगरच्या गोळ्यांना कुणी नावं ठेवत नाही मग यांनाच का, हे मी आता चारचौघांत मोठ्याने विचारते. आणि कधी मरणाचे विचार आले तर वाट बघत बसू नकोस, त्याच क्षणी कुणाला तरी सांग, डॉक्टरांना फोन कर.