पैसे उरले, मार्च संपत आला, सही करू का?

प्रश्न : कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशात एका हॅम्लेटच्या, म्हणजे छोट्या गावाच्या पालिकेच्या, कार्यालयात मी हिशेब पाहतो. इथल्या जस्टिस कमिटीला (किरकोळ गुन्ह्यांची प्रकरणं कोर्टाबाहेर मिटवणारी गावकऱ्यांची समिती) मिळालेल्या सरकारी निधीतले पैसे उरलेत, कारण हिमवादळात मुलांचं ज्येष्ठांसोबतचं शिकारीचं शिबिर बुडालं. वरिष्ठ म्हणतात, 'स्नोमोबाइलचं पेट्रोल शिबिराच्या नावावर टाक आणि सही कर.' शिवाय अहवालात आरोपींची नावं द्यावीत का?

उत्तर : सही करू नका. बाकीचं सावकाश बोलू.

आधी करार काढा आणि त्यावर 'ग्रँट' आहे की 'कॉन्ट्रिब्यूशन' ते बघा. आपण दोन्हींना अनुदानच म्हणतो, पण कॅनडात ग्रँटचा पैन्‌पैचा हिशेब सहसा मागत नाहीत. कॉन्ट्रिब्यूशनचा मागतात, ऑडिटही होतं आणि उरलेली रक्कम साधारणपणे परत जाते. कमिट्यांचा पैसा बहुधा दुसऱ्या प्रकारचा असतो. परतफेड हे हॅम्लेटचं देणं, तुमचं नव्हे. खोट्या व्हाउचरखालची सही मात्र तुमची, आणि त्यासाठी पोलीस तुम्हालाच विचारतील. मार्चअखेरचा असा खर्च आपल्याकडच्या पंचायत समितीतही पाहिलाय मी, म्हणून तो तिथे खपेल असं समजू नका.

३१ मार्चच्या आत निधी देणाऱ्या अधिकाऱ्याला ईमेल करा. विमान किती दिवस उतरलं नाही, शिबिर का झालं नाही, किती डॉलर उरले, सगळं लिहा आणि मुदतवाढ किंवा खर्चाचं शीर्ष बदलून मागा. जिथे एका गावातून दुसऱ्या गावाला जायला रस्ताच नाही आणि न्यायाधीशसुद्धा विमानाने येतात, तिथे वादळाचं कारण कुणाला नवीन नाही. पण फोनवरच्या 'हो'वर खर्च करू नका, करारात लेखी दुरुस्ती होऊ द्या. ज्येष्ठांच्या मानधनाच्या पावत्याही जपा. सही तिथल्या इनुइट लोकांच्या इनुक्टिटुट भाषेच्या लिपीत आहे म्हणून पावती बाद होत नाही.

नावं देऊ नका, आकडे द्या. कमिटीपुढे येणारा माणूस आधी जबाबदारी स्वीकारतो, आणि कॅनडाच्या दंडसंहितेच्या कलम ७१७ प्रमाणे ती कबुली पुढे त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. तीच कबुली तुमच्या अहवालातून सरकारी टेबलांवर फिरायला नको. आरोपी १२ ते १७ वर्षांचा असेल तर नियम आणखी कडक. लहान वस्तीत तर 'दुकानातून सिगारेट चोरणारा मुलगा' एवढं लिहिलं तरी घर कळतं.

माझा वकिलीचा परवाना ओंटारिओ प्रांताचा आहे, तेव्हा करार नुनावुतमध्ये वकिली करणाऱ्याला दाखवा. हॅम्लेटचा वकील नको, तो हॅम्लेटची बाजू बघेल. वरिष्ठांनी ते तोंडी सांगितलं असेल, तर आजच त्यांना ईमेलने विचारा: 'पेट्रोलचा खर्च शिबिरात दाखवावा, असंच आपलं म्हणणं आहे ना?'