तुझा स्क्रीनशॉट आणि माझी कोरडी बोअर

प्रिय बाबू,

तुझा अठरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज मी दोनदा ऐकला. एकदा वावरात, पऱ्हाटीत डवरा चालू असताना, आणि दुसऱ्यांदा रात्री लाइट गेल्यावर. उत्तर कागदावर देतोय. फोनवर बोलायला लागलो की माझ्यातला मास्तर जागा होतो आणि तू नुसता ‘हो सर, हो सर’ करतोस. ते मला नको आहे.

सतरा मिनिटं तू फोनवरून तुला इस्लामकडे बोलावणाऱ्या त्या हैदराबादच्या माणसाबद्दल बोललास आणि शेवटच्या मिनिटात त्या बोलण्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकल्याचं घाईघाईने सांगून टाकलंस. शाळेतही तुझं असंच होतं. काच फुटल्याची बातमी नेहमी घंटा व्हायच्या वेळी. असू दे, आधी त्या माणसाचंच पाहू.

तो तुला फसवतोय असं धरून चालू नकोस. आखातात रात्रपाळीची चौकीदारी करणारा माणूस, तुझ्या आईच्या गुडघ्याची दोनदा चौकशी करतो. ती चौकशी खरी असेल आणि त्याच्या पद्धतीचा भागही असेल, दोन्ही एकाच वेळी. त्याच्या हिशेबाने तू जळत्या घरात झोपला आहेस आणि तो दार वाजवतोय. याला ते दावाह म्हणतात. जेवणाच्या ‘दावत’मधलाच हा शब्द, अर्थ आमंत्रण. आमंत्रण द्यायचा त्याला हक्क आहे, घटनेच्या २५व्या कलमात धर्मप्रचार स्पष्ट लिहिलेला आहे. त्याच कलमात सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्यही आहे, ते तुझं.

पण सात सेकंदांत चार परिच्छेद येतात तेव्हा ते त्याने लिहिलेले नसतात, एवढं ध्यानात ठेव. तो साचा जुना आहे. अहमद दीदात नावाचे गृहस्थ होते, १९१८ साली सुरत जिल्ह्यात जन्मले, लहानपणीच दक्षिण आफ्रिकेला गेले. धर्मग्रंथांवरच्या जाहीर वादविवादांची त्यांची ढब पुढे जगभर उचलली गेली. आपल्याकडे ती झाकीर नाईक या धर्मप्रचारकांच्या चॅनेलवरून घरोघरी पोचली. २००६ साली ते चॅनेल सुरू झालं. पुढे २०१६मध्ये सरकारने त्यांच्या संस्थेवर बंदी घातली, पण त्यातले मुद्दे तुकडे तुकडे होऊन फोनमध्ये फिरतातच आहेत.

मी ते चॅनेल पाहिलं ते आपल्या सायकलवाल्या चाचांच्या दुकानात. चौदा इंची टीव्ही, त्यावर ग्रीसचे डाग. पडद्यावर सूट-टाय घातलेला वक्ता, सुरा अमुक, आयत अमुक, म्हणजे कुराणातला अध्याय आणि वचन, असं धडाधड म्हणत होता. म्हणे लोखंड आकाशातून उतरलं हे कुराणात आधीच लिहिलंय, विज्ञानाला आत्ता कळलं. चाचा रिमचा आऊट काढत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “अपना तो भिलाई से आता, मास्तर.” हसले, आणि लगेच कानाला हात लावून ‘तौबा’ म्हणाले. अल्लाबद्दल त्यांना काडीची शंका नाही. पण रोज लोखंड हातात घेणारा माणूस आहे तो.

तुलाही त्याने पहिल्या आठवड्यात हेच पाठवलं. लोखंड, महास्फोट, फैलावणारं विश्व. तू गुगलवर उत्तरं शोधत बसलास. त्यापेक्षा मूळ काढून वाचायचं होतंस, मराठीत भाषांतर मिळतं. लोखंड ‘उतरवलं’ हे ५७व्या सुरेच्या २५व्या आयतीत आहे, खरं आहे. आता ३९व्या सुरेची ६वी आयत काढ. तिथे तेच क्रियापद वापरून म्हटलंय की तुमच्यासाठी जोडीजोडीने आठ जनावरं उतरवली. मेंढ्या, शेळ्या, उंट, गाई, नर आणि मादी. तिथे कोणी म्हणत नाही की शेळ्या उल्केवर बसून आल्या. मग लोखंडापाशीच शब्दाला खगोलशास्त्र का चिकटतं? आणि लोखंड ताऱ्यांत तयार झालं हे खरंच आहे, पण मग तुझ्या हाडातलं कॅल्शियमही तिथलंच की.

फैलावणाऱ्या विश्वाचं तसंच. हबल या खगोलशास्त्रज्ञाने दीर्घिका दूर जाताहेत हे दाखवलं १९२९ साली. पिकथॉलने केलेलं कुराणाचं इंग्रजी भाषांतर आलं १९३० साली, आणि त्यात ५१व्या सुरेच्या ४७व्या आयतीचा अर्थ आकाश विस्तीर्ण केलं एवढाच आहे. ‘फैलावत आहोत’ हा अर्थ तिथून काढायचा तर आधी हबल माहीत असावा लागतो.

हे मला इतकं सहज ओळखू येतं कारण मी स्वतः त्यात फसलोय. तुला कधी सांगितलं नाही. नोकरी लागून दहा वर्षं झाली होती, वर्गात पोरांना ‘प्रयोग करा, मोजा, मग बोला’ शिकवत होतो. वडिलांनी वावरात बोअर मारायला काढली आणि पाणाड्या आणला. तळहातावर आडवा नारळ ठेवून तो माणूस धुऱ्याधुऱ्याने चालला आणि बाभळीपाशी नारळ उभा झाला. माझ्या डोळ्यांदेखत. मी गप्प राहिलो, म्हटलं बापाशी वाद कशाला, आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी वाटलंही की कोण जाणे. दोनशे साठ फूट गेलो. नुसती भुकटी वर आली, पांढरी, कोरडी. कर्ज फेडायला तीन हंगाम लागले. त्या उन्हाळ्यात गावात नऊ बोअर झाल्या, त्याच माणसाच्या नारळावर. दोनला पाणी लागलं. आजही पानठेल्यावर त्या दोनचीच गोष्ट सांगतात. उरलेल्या सातांची गोष्ट सांगायला माझ्यासारख्यांना लाज वाटते, म्हणून ती कोणाला ठाऊक नाही.

त्या चॅनेलवरचं विज्ञान असंच आहे. लागलेल्या दोन बोअर दाखवायच्या. त्यांच्यातल्या जाणत्यांनाही हे कळलंय बरं का. ब्रिटनमधले हम्झा त्झोर्त्झिस याच प्रचारातले नावाजलेले वक्ते, पण विज्ञानाच्या चमत्कारांचा मुद्दा त्यांनी स्वतःच मागे घेतला.

आता तुझ्याच घरचा प्रश्न विचारतो. २०१५ साली मुंबईत भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला. ज्या वैमानिक शास्त्राचा त्यासाठी हवाला देतात, ते विसाव्या शतकात रचलेलं आहे आणि त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, हे बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी १९७४मध्येच दाखवलं होतं. तुझा मामा जेवताना पुष्पक विमान आणि गोत्रातला डीएनए सांगतो तेव्हा तू काय म्हणतोस? मी तिथे होतो. तू वरण वाढून घेतलंस. मीही घेतलं, मामा तुझा असला तरी वरण चांगलं होतं. पण मग हैदराबादच्या माणसाला रात्री दोन वाजेपर्यंत जागून जे ऐकवलंस, ते जरा स्वस्तात पडलं असं नाही वाटत?

दुसऱ्या आठवड्यात तो कारणावर आला. जे सुरू होतं त्याला कारण असतं, विश्व सुरू झालं, म्हणून त्यालाही कारण. हा युक्तिवाद हसण्यावारी नेऊ नकोस. गझाली या इस्लामी पंडितांनी नऊशे वर्षांपूर्वी तो मांडला आणि पुढे इब्न रुश्द या तत्त्वज्ञाने त्यांना मुसलमान राहूनच टोकलं. तू ‘मला माहीत नाही’ म्हणालास आणि तुला वाटलं हरलो. मला तर तुझ्या सगळ्या बोलण्यात तेच एक वाक्य आवडलं. कारण असेलही बाबू. पण त्या कारणापासून अमुक खा, तमुक खाऊ नको इथपर्यंत यायला मधे फार मोठी नदी आहे आणि त्यावर पूल कोणी दाखवत नाही.

तिसऱ्या आठवड्यात नरक आला आणि तुला झोप लागली नाही. हे सांगताना तुझा आवाज खाली गेला, जणू काही चोरी केलीस. अरे, मी सहा-सात वर्षांचा असताना चक्कीवर दळण घेऊन जायचो. तिथे भिंतीवर पिठाने पांढरी झालेली एक तसबीर होती. यमाचे दूत, उकळत्या तेलाची कढई, खोटं बोलणाऱ्याची जीभ ओढलेली, प्रत्येक चौकटीखाली पाप लिहिलेलं. दळण होईपर्यंत अर्धा तास तिच्यासमोर उभं राहावं लागायचं आणि चक्कीचा पट्टा फटफट वाजायचा. आज सत्तरीला आलो, देव सुटून पन्नास वर्षं झाली, तरी तशा पट्ट्याचा आवाज आला की पोटात गोळा येतो. भीतीला पुरावा लागत नाही. त्या माणसाला लहानपणी दाखवलेली आग वेगळी, मला दाखवलेली कढई वेगळी. ‘खरं निघालं तर?’ असं तो म्हणतो, तेव्हा कोणाचं खरं निघालं तर, हे त्याने आधीच ठरवून टाकलेलं असतं. माझ्या कढईची त्याला भीती वाटते का, विचार त्याला एकदा. चेष्टेने नको, खरंच विचार.

आता स्क्रीनशॉट.

तू त्याला निरुत्तर केलंस तो भाग कापून गावातल्या पोरांच्या ग्रुपवर टाकलास. साठ-सत्तर अंगठे आले. कोणी वाघाचं चित्र टाकलं. मागच्या पोळ्याला तू बैलांच्या पूजेत हात जोडले नाहीस म्हणून ज्याने चार लोकांत तुझ्या बापाला ऐकवलं होतं, तोच आता तुला ‘भाऊ’ म्हणतोय. तुला छातीत गरम गरम वाटलं असेल. एकट्या माणसाला वाटतंच. २०११च्या जनगणनेत अख्ख्या देशात जेमतेम तेहतीस हजार लोकांनी स्वतःला नास्तिक नोंदवलं, गावात आपण दोघं. कोणी पाठ थोपटली की बरं वाटतं.

पण त्यांनी पाठ थोपटली ती कशासाठी? तुझा नास्तिकपणा त्यांना नकोच आहे. त्यांना तुझी काठी हवी आहे, एकाच दिशेने फिरणारी. गणपतीच्या वर्गणीला नाही म्हण आणि मग बघ वाघाचं काय होतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच फोटो कोणीतरी चाचांना दाखवला. ‘बघा तुमच्या लोकांचं.’ हे तुला ठाऊक नसेल, मी तिथे हवा भरायला गेलो होतो. चाचांना लहान अक्षर दिसत नाही, त्यांनी फोन हातभर लांब धरला, वाचलं की नाही कोण जाणे, आणि परत देऊन म्हणाले, “हवा कितनी डालूं, मास्तर?” बस.

एक गंमत ऐक, गंमत म्हणजे दुखरीच. त्या हैदराबादच्या माणसाचा सगळ्यात जास्त त्रास तुला झालेला नाही, चाचांना झालाय. चाचा दरसाल गिरडला जातात, शेख फरीदबाबांच्या टेकडीवर. तुझी आजीही जायची. तिथले ते गोल दगड तू पाहिलेत, बाबांची चेष्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला म्हणतात. एक माझ्या टेबलावर आहे, सुपारीएवढा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात बुडबुडे राहिले, त्यात झिओलाइट नावाचं खनिज भरत गेलं, भोवतालचा काळा दगड झिजला की ते बाहेर पडतात. (त्याच काळ्या दगडाने माझी बोअर कोरडी ठेवली.) हे मी चाचांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, बुडबुडा भी तो किसी ने डाला. आमचं तिथेच थांबतं आणि चहा येतो. पण दोन वर्षांपासून त्यांचा पुतण्या फोनवर व्हिडिओ पाहून सांगतो की दर्ग्यावर जाणं शिर्क आहे, फार मोठं पाप. यंदा चाचा गेले नाहीत. ज्या दुकानातल्या टीव्हीला ते हसले, तेच आता पुतण्याच्या तोंडून त्यांच्या घरात बोलतंय. आणि बाहेरून तुझा स्क्रीनशॉट. म्हातारा दोन्हीकडून कोंडला गेला.

ग्रुपवर कोणीतरी मशिदीत उतरणाऱ्या जमातवाल्यांचंही नाव घेतलंय म्हणालास. ते वेगळं आहे. तबलिगी जमात १९२६च्या सुमारास मेवातात सुरू झाली आणि ती मुसलमानांनाच नमाज-रोजे नीट करा म्हणून सांगत फिरते. तुला कोणी विचारलंही नव्हतं. एवढं तरी त्या ग्रुपवर लिही.

हमीद दलवाईंचं उदाहरण तू देतोस. जरूर दे. १८ एप्रिल १९६६ला त्यांनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत नेला, तोंडी तलाकविरुद्ध. सातच जणी. त्या सात जणींमागे दलवाई आपल्याच माणसांत उभे होते, शिव्या खात. तू त्यांचं वाक्य उचलून अशा ग्रुपवर टाकतोस जिथे तुला शिव्या पडायची शक्यताच नाही. आणि आपल्या वर्ध्यातलंच सांगायचं तर गोरा, आंध्रातले कट्टर नास्तिक, १९४४च्या सुमारास सेवाग्रामला येऊन गांधीजींशी तासन् तास देवावर बोलले. कोणी कोणाचा फोटो काढून वाटला नाही. गोरांनी मुलीचं लग्न दलित तरुणाशी ठरवलं आणि ते मार्च १९४८मध्ये सेवाग्रामलाच लागलं, गांधीजी गेल्यानंतर.

व्यवहाराचंही सांगून ठेवतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ धार्मिक भावना मुद्दाम दुखावण्याबद्दल आहे. तू लिहिलंस त्यात तसं काही नाही, पण खाली लोकांनी जे लिहिलं ते वाचलंस का? सुरुवात तुझ्या नावाने आहे. काढून टाक तो फोटो. कोणी का काढला विचारलं तर सांग, मास्तरने कान धरला.

त्या माणसाशी बोलणं तोडायचं की नाही हे तुझं तू ठरव. बोललास तर दिवसा बोल. रात्री दोनला कोणाचाही धर्म खरा वाटतो.

रविवारी ये, आईच्या गुडघ्याचे रिपोर्ट घेऊन ये. येताना चाचांकडून माझ्या सायकलचं मागचं चाक आण, पंधरा दिवस झाले पडून आहे. स्पोकचे पैसे द्यायचे राहिलेत, ते विचार आणि देऊन टाक, मी तुला देईन. घाई करू नकोस, ते बसायला सांगतील.

तुझा,
सर