नोकरी सुटल्यानंतरचे ६० दिवस

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीत एच-१बी व्हिसावर नोकरीला होता, सून एच-४ वर, म्हणजे त्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर आहे. कंपनीने त्याला नुकतेच कामावरून कमी केले असून तीन महिन्यांच्या पगाराइतकी भरपाई देऊ केली आहे. ‘तीन महिने तरी काळजी नाही, पुढचे कंपनीचा वकील पाहील,’ असे त्याचे मित्र म्हणतात. हे बरोबर आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दोन्ही गोष्टींवर विसंबू नये. नोकरी संपल्यावर अमेरिकेचे नियम जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत देतात, आणि आय-९४ ची (अमेरिकेत किती काळ राहता येईल ते दाखवणाऱ्या नोंदीची) मुदत त्याआधी संपत असेल तर सवलतही तेथेच संपते. नोकरी कधी संपली हे साधारणपणे ज्या शेवटच्या दिवसाचे वेतन मिळाले त्यावरून ठरते. त्यानंतर हाती येणाऱ्या भरपाईने ती तारीख पुढे जात नाही.

या मुदतीत नव्या कंपनीने आय-१२९, म्हणजे एच-१बीवर कामाला ठेवण्यासाठीचा अर्ज दाखल केला, तर मंजुरीची वाट न पाहता आपल्या मुलाला तेथे रुजू होता येते. नोकरी जुळलीच नाही, तर सुनेचा समावेश करून बी-२ साठी (पर्यटक म्हणून राहण्यासाठी) आय-५३९ हा दर्जा बदलण्याचा अर्ज करता येतो. त्यावर निर्णय होईपर्यंत राहता येते, काम मात्र करता येत नाही.

वकिलाचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. ज्या वकिलाचे शुल्क कंपनी भरते, त्याने आजवर आपल्या मुलाचे कागद केले असले, तरी सेवासमाप्तीनंतर दोघांचे हित एकच राहील असे गृहीत धरता येत नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात स्वतंत्र वकिलाचा सल्ला घ्यावा. इमिग्रेशन कायदा संघराज्याचा असल्यामुळे हा वकील न्यू जर्सीचाच असावा असे नाही, परंतु कोणत्या तरी राज्याची त्याची सनद चालू असली पाहिजे, आणि ते त्या राज्याच्या वकील-नोंदणीत पाहता येते. ‘कन्सल्टंट’ म्हणवणाऱ्यांना, ते न्यू जर्सीतल्या एडिसनचे असोत वा पुण्याचे, कायदेशीर सल्ला देण्याचा अधिकार नसतो. काम नसताना कागदोपत्री पगारावर दाखवून देतो, असे कोणी सुचवले तर तेथून उठावे हे बरे. ती सरळ फसवणूक आहे आणि तिचा डाग पुढील प्रत्येक अर्जावर पडतो.

भेटीला जाताना ग्रीन कार्डाचे कागद न्यावेत. आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर होऊन १८० दिवस उलटले असतील, तर कंपनीने तो मागे घेतला म्हणून मंजुरी रद्द होत नाही, आणि तिच्या आधारे नव्या कंपनीला एच-१बीच्या सहा वर्षांच्या मर्यादेपलीकडे मुदतवाढ मागता येते. ग्रीन कार्डासाठीची भारतीयांची लांब रांग पाहता हा कागद पगाराच्या भरपाईहून मोलाचा ठरू शकतो. कंपनीकडून त्याची प्रत आताच मागून घ्यावी.

परत यावेच लागले, तर मंजूर मुदतीपूर्वी काढून टाकलेल्या एच-१बी कर्मचाऱ्याच्या परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च कंपनीने द्यायचा असतो. सुनेचे तिकीट त्यात येत नाही.